माझे सार्वजनिक चौदा इंच

आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं आणि बारा शिड्या होत्या. एकूण परिस्थिती समाधानकारक म्हणावी अशीच होती. फक्त जिन्यातून माणसाला जाता येत नव्हतं.

प्रत्येक शिडी ज्याच्या त्याच्या दाराबाहेर, कठड्याला साखळीने बांधलेली असे. तिचा वापर वर्षातून साधारण चाळीस मिनिटं : एखादा पंखा पुसायचा, माळ्यावरच्या गाद्या खाली काढायच्या. उरलेलं वर्ष ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या नडग्या फोडण्याचं काम विनातक्रार करत असे. शिडी कुणी कुणाला देत नसे. मागितली तर "हो हो, न्या की, विचारायचं काय त्यात!" असं म्हणून साखळीची किल्ली शोधायला आत जात, आणि आतच राहत.

एका रविवारी अध्यक्षांच्या पायाचा अंगठा तिसऱ्या मजल्यावरच्या शिडीवर आपटला. अध्यक्ष म्हणजे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त होताना त्यांनी खात्याला सगळं परत केलं होतं, शिक्का सोडून. अंगठा सुजल्यावर त्यांना व्यवस्थेत मूलभूत बदल हवा असं वाटू लागलं. मूलभूत बदल हवा असं वाटायला माणसाचं काहीतरी सुजावं लागतं.

गच्चीवर सभा भरली. चौथ्या मजल्यावरचे प्राध्यापक यासाठी पस्तीस वर्षं तयारीत होते. ते पुढे आले.

"बारा शिड्या, प्रत्येकी चाळीस मिनिटं," ते म्हणाले. "म्हणजे वर्षाला एकूण आठ तास. आठ तासांसाठी एक शिडी पुरे. उरलेल्या अकरा म्हणजे निव्वळ ताठा. यावर जगाने एकच उपाय शोधलेला आहे. समाजवाद."

"त्याने अंगठा उतरेल?" अध्यक्षांनी विचारलं.

"मुळापासून."

प्राध्यापकांनी जिन्याच्या भिंतीवर एक मोठा फळा लावला. त्यावर समाजवादाचे चार प्रकार खडूने लिहिले : स्वप्नाळू, सरकारी, लोकशाही आणि बाजारी. खरी नावं लांबलचक आहेत, जिन्यात मावणार नाहीत, असं ते म्हणाले. प्रत्येक प्रकार आपण महिनाभर राबवू, फायदे खाली लिहू, तोटे वर लिहू. तोट्यांची ओळ मुद्दाम सगळ्यात वर ठेवली होती, म्हणजे कुणाच्या नजरेतून सुटायला नको.

मी त्या सभेत मागे उभा होतो. मी कुठेही मागेच उभा असतो, कारण पुढे उभा राहिलो की लोक ओरडतात. माझी उंची सहा फूट तीन इंच. इमारतीत मला लंबू म्हणतात. पोटापाण्यासाठी मी एका छोट्या छापखान्यात मुद्रितं तपासतो, आणि त्या दिवसांत दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या छापखान्यात मुख्य मुद्रितशोधकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. ती जागा मिळावी एवढी एकच इच्छा मला होती. जाहिरातीत लिहिलं होतं की तिथलं छत चौदा फूट उंच आहे.

पहिला प्रकार, स्वप्नाळू. अकरा शिड्या भंगारात गेल्या. सगळ्यांनी आनंदाने दिल्या, कारण राहिलेली बारावी आपलीच आहे अशी प्रत्येकाची खात्री होती. ती जिन्याखाली ठेवण्यात आली. कुलूप नाही, वही नाही, ज्याला हवी त्याने न्यावी आणि आणून ठेवावी. पहिले तीन दिवस लोक नुसते शिडी बघायला खाली येत होते. चौथ्या दिवशी ती नव्हती.

ती तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांच्या खिडकीत निघाली. प्रत्येक पायरीवर एक कुंडी.

"शिडी सगळ्यांची आहे ना?" डॉक्टर म्हणाले. "मग त्या सगळ्यांत मी आलोच. शिवाय फुलं रस्त्यावरूनही दिसतात. म्हणजे वापर सामाजिकच झाला."

प्राध्यापकांनी फळ्यावर फायद्यांत लिहिलं : 'परिसर फुलला.' तोटा लिहायला हात वर केला, पण खडू त्या ओळीपर्यंत पोहोचेना. "राहू दे," ते म्हणाले. "शिडी मिळाली की लिहू."

दुसरा प्रकार, सरकारी. शिडी जप्त होऊन तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत गेली. तीन जणांचं शिडी नियंत्रण मंडळ नेमण्यात आलं. शिडी हवी असल्यास अर्ज, अर्जासोबत 'वर चढण्याचा हेतू' आणि 'खाली उतरण्याची हमी' अशी दोन जोडपत्रं. किल्ली कुणा बेजबाबदार माणसाच्या हाती लागू नये म्हणून अध्यक्षांनी ती मीटरच्या खोलीबाहेर, जमिनीपासून आठ फुटांवर एका खिळ्याला अडकवली. शिडीवर चढूनच अडकवली. मग उतरून शिडी आत ठेवली आणि कुलूप दाबून बंद केलं.

कुलूप बंद झाल्याचा आवाज आला. त्यानंतर मंडळाचे तीनही सभासद बराच वेळ वर पाहत उभे होते.

"सुरक्षा एकदम कडक झाली," अध्यक्ष म्हणाले.

याच सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाकूंची ट्यूब गेली होती. काकूंचं पोट शिवणावर. मशीनच्या डोक्यावरची तेवढी एक ट्यूब, तीही गेली, म्हणून बिचाऱ्या दातांत बॅटरी धरून काजं करत होत्या. त्यांचा अर्ज दुसऱ्या जोडपत्रावर अडकला होता. उतरण्याच्या हमीला दोन साक्षीदार लागत होते, आणि साक्षीदार म्हणत होते, आधी चढून दाखवा.

मी जिन्यातून जात होतो. काकूंनी बॅटरी तोंडातून काढली.

"लंबू, अरे, जरा हात लावतोस का? लावून टाक एवढी. माझे दात हलायला लागले, आणि त्या खालच्या डॉक्टरकडे मला जायचं नाहीये."

मी हात वर केला. ट्यूब काढली, नवी बसवली. स्टूलसुद्धा लागलं नाही. उजेड पडला. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या म्हणाल्या ते बॅटरीच्या धुरळ्याने. बॅटरीला धुरळा नसतो, हे मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मला नोटीस आली. विषय : खासगी उंचीचा विनापरवाना वापर.

मी सभेत हजर झालो. बरोबर आई होती. आई चार फूट दहा इंच आहे, पण बोलायला लागली की छत कमी पडतं.

"त्याने काय चोरी केली का?" आईने विचारलं.

"चोरीचा प्रश्न नाही, वहिनी," प्राध्यापक समजुतीने म्हणाले. "प्रश्न मालकीचा आहे. इमारतीत शिडी एकच, तीही कुलपात. अशा वेळी एका माणसाने सहा फूट तीन इंच स्वतःजवळ बाळगायचे आणि मर्जीतल्या लोकांनाच त्याचा लाभ द्यायचा, हे बरं दिसतं का? ही उंची त्याने काय मेहनत करून मिळवली?"

"मेहनत कसली! त्याच्या वडिलांकडून आलीय. ते असेच होते, ताडासारखे."

"वारसा!" प्राध्यापक जवळजवळ ओरडले. "ऐकलंत? वारसाहक्काने आलेली मालमत्ता. आणि वर कबुली."

आईने माझ्याकडे पाहिलं. आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं होतं. "मला आधी सांगायचं ना," ती कुजबुजली, "मी म्हणाले असते, दोरीच्या उड्या मारून वाढला."

ठराव झाला. इमारतीतल्या सर्व उंचीची मोजणी करायची, सरासरी काढायची, आणि सरासरीच्या वर ज्याची जेवढी असेल तेवढी सोसायटीच्या मालकीची. ज्याची कमी असेल त्याला सोसायटीने भरून द्यायची. माप घ्यायला शिवणकाकू, शिक्का मारायला अध्यक्ष.

मोजणीच्या दिवशी मला समाजाविषयी बरंच शिकायला मिळालं. रांगेत ताठ उभे असलेले लोक पट्टीजवळ आले की गुडघ्यांत विरघळत होते. कुणाची मान खांद्यांत गेली, कुणाची कंबर एकाएकी धरली. दातांचे डॉक्टर चार फूट आठ इंच भरले. ते खरे पाच फूट नऊ आहेत, आणि वधू पाहिजेच्या जाहिरातीत पाच फूट अकरा होते. काकूंनी पट्टी हातात धरून त्यांच्याकडे एकदा वरून खाली पाहिलं, मग मुकाट्याने आकडा सांगितला. अध्यक्षांनी शिक्का मारला. शिक्का मारल्यावर माप खरं होतं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव.

माझी पाळी आली तेव्हा मी सरळ उभा राहिलो. वाकायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नाही. शिवाय मुद्रितशोधकाला चुकीचा आकडा छापला गेलेला बघवत नाही.

सरासरी पाच फूट एक इंच आली. सहा फूट तीन वजा पाच फूट एक. माझ्या अंगावर सोसायटीचे चौदा इंच निघाले.

"आणि माझे तीन इंच?" आईने लगेच विचारलं. "मी चार फूट दहा. मला तीन इंच येणं आहे. कधी देताय?"

"तुमचं नाव प्रतीक्षायादीत घेतलंय, वहिनी."

"कितवं?"

"अकरावं."

तिसरा प्रकार, लोकशाही. माझे चौदा इंच आधी कुणाला द्यायचे हे मतदानाने ठरू लागलं. डॉक्टरांनी आदल्या दिवशी सात घरांत फुलं पाठवली, त्यामुळे बहुमताने असं ठरलं की इमारतीची सर्वांत तातडीची गरज म्हणजे डॉक्टरांकडची जळमटं. दुसऱ्या आठवड्यातही बहुमत जळमटांच्या बाजूने होतं. जळमटं संपली होती, पण लोकमताचा आदर राखण्यासाठी मी झाडू घेऊन तासभर उभा राहिलो. शिवणकाकूंना त्यांची वरची फळी पुसून हवी होती. त्यांना एक मत पडलं, त्यांचंच. मला मताचा अधिकार नव्हता. साधनांना नसतो.

चौथा प्रकार, बाजारी. दर घराला आठवड्याला माझ्या अर्ध्या तासाची एक चिठ्ठी. वापरा, नाहीतर अदलाबदल करा. पहिल्याच आठवड्यात वाटीभर साखर, इस्त्रीचं काम, गच्चीतल्या वाळणाच्या दोरीवरची जागा, अशा देवघेवीतून अकरा चिठ्ठ्या डॉक्टरांकडे गोळा झाल्या. साडेपाच तासांचा मी. त्यांनी मला दिवाणखान्यात पडद्याचा दांडा हातांत धरून उभं केलं आणि पडदे निवडायला बसले.

"निळा बरा की पिवळा, लंबू?"

"डॉक्टर, मी दांडा खाली ठेवू का? तुमचं ठरेपर्यंत?"

"नको नको. खाली ठेवलास तर अंदाज कसा येणार? स्थळ बघायला येणारेत रे लोक. असे निर्णय घाईत होत नाहीत."

साडेपाच तासांनी डॉक्टरांनी पडदेच नकोत असं ठरवलं. फुलं झाकली जातात म्हणाले.

मी फळ्यापाशी थांबलो. फायद्यांची ओळ भरून वाहत होती : 'शेजाऱ्यांत येणंजाणं वाढलं. जिना मोकळा झाला. जळमटं नाहीत. अध्यक्षांचा अंगठा उतरला.' तोट्यांची ओळ वर कोरी होती.

"सर, तोटे?" मी विचारलं.

"तेवढं मलाही खटकतंय," प्राध्यापक म्हणाले. ते खरोखर प्रामाणिक गृहस्थ होते. "पण ते लिहायला तू लागणार, आणि तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या डॉक्टरांकडे. तोट्यांवाचून अभ्यास अपुरा राहतो रे."

आता खोटं कशाला बोलू, सगळंच काही वाईट नव्हतं. पूर्वी जिन्यात कुणी माझ्याकडे बघत नसे, म्हणजे बघायचे तर पोटाकडे. आता लोक मान वर करून "बरा आहेस ना?" विचारू लागले. मला शिंक आली तर तीन घरांतून काढा यायचा. कुणी म्हणे झोप पुरी घे, कुणी म्हणे वाकून वाचू नकोस, झिजेल. आईला बरं वाटायचं. मग एकदा कुणीतरी तिला सांगितलं, "जपा हं त्याला, आमचाही आहे तो," आणि आईने काढे परत पाठवायला सुरुवात केली.

अशातच पत्र आलं. मोठ्या छापखान्याची नोकरी मला मिळाली होती. सोमवारी सकाळी रुजू व्हायचं. एक दिवस उशीर झाला तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावू, असं खाली स्पष्ट लिहिलं होतं. पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी ते चार वेळा तपासलं.

गुरुवारी मी अध्यक्षांना पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, आणि त्यांना मनापासून आनंद झाला.

"वा! जा की! माणसाला अडवणारे आपण कोण? अहो, स्वातंत्र्य आहे." मग त्यांनी नोंदवही उघडली. "फक्त ते चौदा इंच तेवढे ठेवून जा."

"कुठे ठेवू?"

"इथे. सोसायटीत. तुम्ही तुमचे पाच फूट एक इंच खुशाल घेऊन जा, त्याला कुणाची हरकत नाही. चौदा इंच सार्वजनिक आहेत. सार्वजनिक वस्तू बाहेरगावी नेता येत नाही."

"अध्यक्षसाहेब, ते काढता येत नाहीत."

"ते तुम्ही बघा. वजाबाकी मी करून दिलीय."

फाटकावर पहारा लावण्याचा ठराव झाला. दिवसपाळीला मंडळाचा एक सभासद आणि डॉक्टर. डॉक्टरांकडे माझ्या पुढच्या आठवड्याच्याही नऊ चिठ्ठ्या होत्या, त्यामुळे ते विशेष दक्ष होते.

शुक्रवारी आई शिवणकाकूंकडे गेली. मीही मागे गेलो. आई खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, "बाई गं, माझं पोर अडकलं. ते म्हणतात उंची ठेवून जा. पिशवी का आहे ती?"

काकूंनी मशीन थांबवलं. त्यांनी वरच्या ट्यूबकडे एकदा पाहिलं. मग गळ्यातली पट्टी काढली.

"लंबू, इकडे ये. उभा राहा. सरळ नाही रे, गाढवा! तुझं सरळच तर निस्तरतेय मी. वाक. अजून. गुडघे मोड. हां. असाच थांब."

"काकू, हे कितीवर आलं?"

"पाच फूट एक. हलू नकोस, टाचण्या लावतेय."

शनिवारी दुपारपर्यंत त्यांनी कोट आणि विजार शिवली. कोट मागून नेहमीसारखा, पुढून हातभर आखूड. विजारीला गुडघ्यांच्या मागे आतून चुण्या घातलेल्या. बटणं लावली की माणूस आपोआप घडी होऊन पाच फूट एक इंचावर येत असे, आणि तिथून हलत नसे. असं नेमकं काम मी आयुष्यात पाहिलं नाही. गेल्या चार महिन्यांत इमारतीत ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे आणि ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे झालेली ही एकच गोष्ट. ठराव न करता झाली.

रविवारी सकाळी मी फाटकापाशी गेलो. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात आई. अध्यक्षांनी काकूंना माप घ्यायला सांगितलं.

"पाच फूट एक," काकू म्हणाल्या. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

अध्यक्ष वाकून माझ्याकडे बघू लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाकावं लागलं. "चौदा इंच?"

"जमा केले," मी त्यांच्या बुटांना सांगितलं.

"कुठे?"

मी उत्तर देण्याआधीच आई म्हणाली, "शिडीपाशी. मीटरच्या खोलीत. सार्वजनिक वस्तू आणखी कुठे ठेवतात?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. "अहो, हा वाकलाय! सरळ दिसतंय! गुडघे बघा त्याचे!"

"कुणाच्या गुडघ्यांबद्दल बोलायचंय, डॉक्टर?" काकूंनी पट्टी उलगडत विचारलं. "तुमच्यापासून परत मोजू का? चार फूट आठ ना?"

डॉक्टरांना एकदम कुंड्यांना पाणी घालायचं आठवलं.

अध्यक्षांनी वही उघडून नोंद केली : 'एक फूट दोन इंच, सुस्थितीत, मीटरच्या खोलीत जमा.' मला पोच दिली. प्रमाणपत्रावर पाच फूट एक इंच लिहिलं, शिक्का मारला, फुंकर घातली. मग त्यांची नजर खोलीच्या दाराकडे गेली, तिथून वर खिळ्याकडे.

"अरे लंबू, एकदा खात्री करून घेऊ. जाता जाता तेवढी किल्ली काढून दे."

आईने माझा हात घट्ट धरला.

"अध्यक्षसाहेब," मी म्हणालो, "किल्ली आठ फुटांवर. पाच फूट एक इंचाच्या माणसाचा हात तिथे कसा पोहोचेल?"

त्यांनी प्रमाणपत्र परत वाचलं. शिक्का त्यांचाच होता.

"बरोबर," ते म्हणाले. "बरोबर आहे. मग कुणाचाच पोहोचणार नाही." आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. त्यांनी वहीत आणखी एक ओळ लिहिली : 'साठा पूर्ण सुरक्षित.'

आई निघता निघता थांबली. "त्यातले तीन माझे आहेत. लिहून ठेवा."

याला आता वर्ष झालं. मुख्य मुद्रितशोधकाच्या खोलीचं छत खरोखर चौदा फूट आहे. काकूंचं पत्र आलं होतं. मीटरच्या खोलीतल्या साठ्यावर इमारतीची मोठी भिस्त आहे, म्हणतात. चौदाचे आता वहीत एकवीस झालेत, कारण नव्याने आलेल्या बिऱ्हाडात एक उंच मुलगी होती आणि जाताना तिनेही काकूंकडून कोट शिवून घेतला. फळ्यावरचे तोटे अजून लिहायचे आहेत.

मी मात्र कोट काढलेला नाही. छत एवढं उंच असूनही मी घडी होऊनच बसतो, घडी होऊनच जिना चढतो. नव्या इमारतीतले लोक मला बुटकाच समजतात. दयाळू आहेत. फळीवरचा डबा मला काढून देतात.

तुम्हाला हे सगळं वाचून माझी कीव आली असेल. यायलाच हवी, चांगले लोक आहात तुम्ही. पण खरं सांगा, मी काकूंची ट्यूब बसवली त्या ओळीपाशी तुमची नजर एकदा तरी वर गेली की नाही? तुमच्या पंख्याच्या पात्यांवरच्या धुळीकडे? माळ्यावरच्या त्या खोक्याकडे, जे दोन वर्षं काढायचं राहिलंय? आणि क्षणभर असं वाटून गेलं की नाही, की असा एखादा आपल्या इमारतीत असता तर?

म्हणूनच मी शहराचं नाव कुठेच लिहिलेलं नाही.